द्राक्षघडावरील चिलटांची ओळख

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांत तोडणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला, की मण्यांना तडे जाऊन रस पाझरू लागतो. आणि त्याच्या आंबूस वासाने दोन-तीन मिलिमीटर लांबीची चिलटे घडांभोवती जमतात. मणी चिलटांनी फोडला, की फुटलेल्या मण्यावर ती मागाहून आली, हा प्रश्न बागाईतदारास क्षुल्लक नव्हे. त्याचे उत्तर चिलटाच्या जातीवर अवलंबून आहे.

पहिला घोटाळा 'फळमाशी' ह्या नावानेच होतो. आंबा व पेरू पोखरणारी फळमाशी टेफ्रिटिडी कुलातील असून आकाराने घरमाशीच्या जवळपास असते; आनुवंशिकीच्या ग्रंथांतील फळमाशी म्हणजे ड्रॉसोफिला. घडावरील चिलट बहुधा ह्या दुसऱ्या कुलातील असते. डोळे तांबडे, शृंगिकेवरील शूक पिसासारखा फाटे फुटलेला, पंखाच्या पुढील कडेची शीर दोन ठिकाणी खंडित, ही त्या कुलाची खूण. डोक्यापासून पाठीवर काळ्या किनारीचे रुपेरी पट्टे गेलेले असल्यास ते झाप्रिओनस इंडियानस होय. गुप्ता ह्यांनी १९७० साली भारतातून वर्णिलेली ही जाती १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये आढळली व तेथील अंजिरांवर कीड ठरली.

खरी अडचण ड्रॉसोफिला सुझुकीसंबंधी आहे. सामान्य जातींच्या माद्यांना निरोगी फळाची साल भेदता येत नाही; सुझुकीची मादी मात्र पिकू लागलेल्या, अभंग फळातही अंडी घालते. २००८ साली ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर व युरोपात आढळल्यापासून फळबागाईतदारांत तिची धास्ती आहे. तिच्या नराच्या पंखाग्राजवळ काळा ठिपका असतो. परंतु तेवढ्यावरून निर्णय देणे सर्वथा अनुचित होय. १९२४ साली मॅलॉक ह्यांनी वर्णिलेल्या ड्रॉसोफिला बायआर्मिपीस ह्या भारतीय जातीच्या नरालाही तसाच ठिपका असतो. उलटपक्षी, नुकत्याच कोशातून निघालेल्या सुझुकीच्या नरात तो उमटलेला नसतो आणि मादीला तो कधीच नसतो.

म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली नराचा पुढचा पाय पाहावा. पावलाच्या पहिल्या व दुसऱ्या खंडांवर काळ्या राठ केसांचा एकेक कंगवा असल्यास सुझुकी. दोन्ही कंगवे पहिल्याच खंडावर असल्यास बायआर्मिपीस. मादीचा अंडनिक्षेपक याहूनही बोलका असतो: सुझुकीत तो मोठा, कठीण व करवतीसारखा दातेरी असतो. नमुने सत्तर टक्के अल्कोहोलात ठेवताना नर व मादी दोन्ही घ्यावेत.