आजाराला नाव मिळेपर्यंत
दृष्टी व मज्जासंस्थेच्या उलगडा न होणाऱ्या तक्रारींविषयी

रुग्णालयाच्या वार्षिक हिशेबात शस्त्रक्रिया, प्रसूती, डायलिसिस यांना स्वतंत्र रकाने असतात. ज्या रुग्णाच्या आजाराला अद्याप नावच मिळालेले नाही, त्याच्यासाठी मात्र रकाना नसतो. प्रस्तुत लेखक वैद्यक व्यवसायातील नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि रुग्णालयाच्या कामकाजात अशा रुग्णांची व त्यांच्या आप्तेष्टांची ओढाताण जवळून दिसते. म्हणून देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर हा विषय मांडावासा वाटतो.

तळेगाव-चाकण परिसरात पाळीत काम करणाऱ्या एखाद्या तरुणाला आठवडाभर एका डोळ्याने धूसर दिसते. चष्म्याचा नंबर तपासला जातो. पुढे दिसू लागते व गोष्ट विसरली जाते. काही महिन्यांनी पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. आता तो हाडांच्या डॉक्टरांकडे जातो. डोळ्याची हकीकत तो सांगत नाही, कारण पायाशी तिचा संबंध असेल असे त्याच्या मनातही येत नाही. तपासण्यांत विशेष काही न आढळल्यास घरचे म्हणतात, "ताण घेतोस, दुसरे काही नाही."

वस्तुतः पाहण्याचे काम एकटा डोळा करीत नाही. डोळ्यामागील दृष्टीची नस ही मेंदूचाच विस्तार आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात मज्जातंतूंवरील आवरणाला निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या जागी इजा होते. त्यामुळे एकाच दिवसाच्या तपासणीतून संपूर्ण चित्र उमटेलच असे नाही. त्याच्याशी साम्य असलेला न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा आजार दृष्टीची नस व मज्जारज्जू यांवर आघात करतो. त्याच्याशी निगडित रक्तातील प्रतिपिंड मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले. हा भेद केवळ नावापुरता नाही. पहिल्या आजारावरील काही औषधे दुसऱ्या आजारात अपाय करू शकतात.

डोळा आणि पाय यांची सांगड किती मोलाची असते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. १९६९ मध्ये घाना येथे आढळलेली डोळे येण्याची एक नवी साथ १९७१ मध्ये मुंबईत पोहोचली. त्याच वर्षी मानव चंद्रावर उतरल्याने घानामध्ये तिला 'अपोलो' हे नाव पडले होते. डोळे बरे झाल्यानंतर काही दिवसांनी वा आठवड्यांनी काही प्रौढ रुग्णांच्या पायांतील शक्ती पोलिओप्रमाणे गेली. डॉ. नोशिर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संबंध ओळखला आणि १९७२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो जगापुढे मांडला. पाय लुळा पडलेल्या माणसाला "मध्यंतरी तुमचे डोळे आले होते का?" असे विचारल्याखेरीज हा धागा हाती लागला नसता.

प्रत्येक वेळी कारण दुर्मीळच असते असेही नाही. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मज्जारज्जू आणि क्वचित दृष्टीची नसही बाधित होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ मध्ये पुण्याजवळील खेड्यांत सुरू केलेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गर्भवती मातांमध्ये ही कमतरता आढळली. साध्या रक्ततपासणीने ती कळते आणि वेळीच उपचार झाल्यास बरीच हानी टळते. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल या औषधाने काही रुग्णांची दृष्टी, विशेषतः रंग ओळखण्याची क्षमता, मंदावते. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता त्वरित डॉक्टरांना सांगावे.

रुग्णाच्या कुटुंबाकडून म्हणूनच काही अपेक्षा आहेत. एका वहीत तारखेसह नोंद ठेवावी : काय झाले, कोणत्या डोळ्याला वा अवयवाला झाले, किती दिवस टिकले, कोणती औषधे चालू होती. जुना केसपेपर, रक्ताचे अहवाल, एमआरआयची फिल्म व सीडी जपून ठेवावी. डॉक्टर बदलले तरी फाइल बदलू नये. आज बरे वाटते म्हणून पुढील तपासणी चुकवू नये. परंतु एकाएकी दृष्टी गेली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एका बाजूची शक्ती गेली, तर वहीत नोंद करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध पक्षाघातात साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आता देणगीदारांस व विश्वस्तांस एक विनंती. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवावी लागते. त्यातून बिलाचा भार हलका होतो. पण निदानासाठी पुण्याला पुनःपुन्हा माराव्या लागणाऱ्या फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला बुडणारा रोज त्यातून भरून निघत नाही. पुष्कळ कुटुंबे तपासणी अर्ध्यावर सोडतात ती याच ठिकाणी. यंत्रासाठी दिलेली देणगी डोळ्यांना दिसते आणि तिची गरज आहेच. त्याबरोबर नेत्रतज्ज्ञ, फिजिशियन व मेंदूविकारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून एका रुग्णाची फाइल चाळण्यासाठी लागणारा वेळ, पाठपुरावा करणारा समाजसेवक आणि गरजू रुग्णाचे प्रवासभाडे यांचाही विचार व्हावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात झालेला आहे. परंतु कायद्याचा लाभ असो वा योग्य औषध, दोन्हींसाठी आधी आजाराला नाव मिळावे लागते. ते मिळेपर्यंत रुग्णाला एकटे वाटू नये, ही जबाबदारी कुटुंब, डॉक्टर आणि संस्था या तिघांचीही आहे.