चेन्नईत पुराचे पाणी कुठवर चढणार? उत्तर जमिनीच्या उंचीत

चेन्नई : किती पाऊस पडेल याचा अंदाज हवामान विभाग देतो, परंतु ते पाणी कोणत्या वस्तीत किती खोल साचेल, हे जमिनीच्या चढउतारांवर ठरते. डिसेंबर 2015 च्या आरंभी चेन्नईला याचा कटू अनुभव आला. तांबरम येथे 24 तासांत 490 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, चेंबरमबाक्कम जलाशयातून अड्यार नदीत सुमारे 29,000 क्युसेक पाणी सोडावे लागले आणि नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या.

या आपत्तीनंतर केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाच्या पुढाकाराने ‘सी-फ्लोज’ ही पूर-इशारा प्रणाली साकारली. आयआयटी मुंबई, आयआयटी मद्रास आणि अण्णा विद्यापीठ यांचा तिच्या संशोधनात सहभाग आहे, तर राष्ट्रीय किनारपट्टी संशोधन केंद्र तिचे काम पाहते.

पर्जन्यमान, जलाशयांतील विसर्ग आणि समुद्राची भरती यांचा मेळ ही प्रणाली घालते. भरतीच्या वेळी नदीचे पाणी मुखाशीच तुंबते, त्यामुळे तेवढ्याच पावसाचा परिणाम कित्येक पटींनी वाढू शकतो. ऐन वेळी एवढी आकडेमोड करण्यास अवधी नसतो. यासाठी पाऊस व भरतीच्या निरनिराळ्या संयोगांतून 796 संभाव्य पूरस्थितींचे नकाशे आधीच तयार ठेवले आहेत. प्रत्यक्ष स्थितीशी सर्वांत जुळणारा नकाशा त्यातून निवडला जातो.

या साऱ्याचा पाया म्हणजे उंचीची माहिती. शहराची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून सात मीटरही नाही. इतक्या सपाट प्रदेशात वीतभर चूक झाली तरी नकाशावरचे पाणी भलत्याच गल्लीत शिरते. विमानातून सोडलेला लेझर किरण जमिनीवर आदळून परतण्यास किती वेळ लागतो, यावरून उंची काढली जाते. पुढे इमारती व झाडे वगळून मूळ भूपृष्ठ वेगळे करावे लागते. याच शहरात सेंट थॉमस माउंटजवळ विल्यम लॅम्बटन यांनी 1802 मध्ये साडेसात मैलांची आधाररेषा पोलादी साखळीने मोजली होती. त्या एका रेषेला 57 दिवस लागले!

मुंबईसाठी अशीच ‘आय-फ्लोज’ प्रणाली 12 जून 2020 रोजी कार्यान्वित झाली. 2022 च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात तर मैदानी प्रदेशासाठी 25 सेंटिमीटर अचूकतेचे उंचीचे प्रारूप 2030 पर्यंत तयार करण्याचे उद्दिष्ट आहे.

मात्र नकाशाही जुना होतो. तळे बुजले, रस्ता उंचावला किंवा नाला गाळाने भरला, की पाण्याची वाट बदलते. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात वेलाचेरी व पल्लिकरणै परिसर जलमय झाला. पल्लिकरणैची दलदल एकेकाळी दक्षिण चेन्नईचे पाणी सामावून घेत असे. तिचा मोठा हिस्सा आता इमारतींखाली आहे. त्यामुळे तिच्या आसपासच्या जमिनीची उंची व पाण्याच्या वाटा पुन्हा पुन्हा मोजाव्या लागतात.