करंजी : तळलेली की भाजलेली?

दिवाळीच्या फराळात करंजीचा मान मोठा. मात्र घरात हृदयविकाराचा किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल, तर ताट पुढे करताना गृहिणीचा हात अडखळतो. अशा घरांसाठी ओव्हनमध्ये भाजलेली करंजी हा चांगला पर्याय आहे. तिचा फायदा नेमका किती, हे मात्र आधी समजून घ्यावे.

१ ग्रॅम तूप किंवा तेल ९ उष्मांक देते, तर १ ग्रॅम साखर ४. तळताना करंजीची पारी तेल शोषते. भाजल्यास तेवढे उष्मांक वाचतात. तळणीचे तेल पुन:पुन्हा तापवण्याचा दोषही टळतो. परंतु सारणातील साखर तेवढीच राहते आणि सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून अधिक स्निग्धांशच असतो. म्हणून बदल सारणातही हवा.

कृती : १ वाटी कणीक, १ वाटी बारीक रवा, चिमूटभर मीठ व ३ चमचे कडकडीत तुपाचे मोहन एकत्र करून दुधात घट्ट भिजवावे व अर्धा तास झाकून ठेवावे. सारणासाठी पाऊण वाटी भाजलेला खोबऱ्याचा कीस, पाऊण वाटी डाळ्याचे पीठ, अर्धी वाटी पिठीसाखर, खसखस व वेलची घ्यावी. करंज्यांच्या कडा दुधाने नीट चिकटवाव्यात व वरून दुधाचा हात फिरवावा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर २० ते २५ मिनिटे भाजाव्यात. मध्ये एकदा उलटाव्यात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्यात.

मोहनासाठी सुटे, बिननावाचे वनस्पती तूप टाळावे. त्यात ट्रान्स फॅट असू शकते. त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढते व चांगले घटते. म्हणूनच आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून तेल व वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे.

मधुमेहींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. करंजी भाजलेली असली तरी गोडच असते, आणि साखरेऐवजी गूळ घातला तरी रक्तातील साखर वाढतेच. ‘तळलेली नाही’ म्हणून चार खाल्ल्यास वाचवलेले सारे वाया जाते. एखादी करंजी जेवणासोबत खावी, त्या वेळी पोळी किंवा भात तेवढा कमी घ्यावा. सणासाठी औषधाची मात्रा मात्र स्वत:च्या मनाने कमी-जास्त करू नये.