पवनीचा दरवाजा आणि दीडशेचं भिंग

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला वैनगंगेच्या काठी जुन्या किल्ल्याची तटबंदी आणि दरवाजा आहे. १९६९-७० साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठाने इथे उत्खनन केलं, बौद्ध स्तूपांचे अवशेष वर आले आणि पवनीचं नाव अभ्यासकांच्या तोंडी गेलं. फोटो काढणाऱ्याची अडचण मात्र साधी असते. असा दरवाजा जवळून टिपायचा तर कॅमेऱ्याचं तोंड वर करावं लागतं, आणि तोंड वर केलं की दोन्ही बाजूंच्या भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. फोटोतला दरवाजा मागे कलंडल्यासारखा दिसतो.

मोठ्या सुट्या फिल्मचा कॅमेरा ही अडचण फार जुन्या पद्धतीने सोडवतो. पुढे भिंगाची पाटी, मागे घासलेली काच, मधे बेलोज, म्हणजे घड्यांचा भाता. कॅमेरा तिपाईवर सपाट ठेवायचा आणि फक्त पुढची पाटी वर सरकवायची. दरवाजाचा माथा चौकटीत येतो, भिंती ताठ उभ्या राहतात. अलीकडे फिल्मकडे परतलेल्या हौशी छायाचित्रकारांना या कॅमेऱ्याची भुरळ पडते. कॅमेरा हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात शार्प भिंग कोणतं?

प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही.

आधी थोडा हिशोब करू. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. ४×५ इंची फिल्मवर चित्राला त्याच्या साधारण तेरा पट जागा मिळते. १६×२० इंचांचा प्रिंट काढायचा तर मोठी फिल्म चार पटींनीच वाढवावी लागते, छोटी सुमारे सतरा पटींनी. म्हणजे छोट्या कॅमेऱ्याच्या भिंगाला जे काटेकोर काम करावं लागतं, त्याच्या पाव हिश्श्याएवढ्या काटेकोरपणावर मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग निभावून नेतं. या कॅमेऱ्याचे जुने फोटो आजही चकित करतात, त्याचं निम्मं श्रेय फिल्मच्या आकाराला द्यायला हवं.

म्हणून पहिला प्रश्न वेगळा: भिंगाचं प्रकाशवर्तुळ केवढं आहे? टॉर्चचा झोत भिंतीवर गोल पडतो, तसं भिंगही मागे गोल चित्र टाकतं आणि फिल्म त्या गोलातला एक चौकोन उचलते. ४×५ फिल्म झाकायला साधारण १५३ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. ते जेमतेम तेवढंच असेल, तर पाटी वर सरकवताच चित्राचे कोपरे मऊ पडतात आणि मग काळे होतात. श्नायडरचं जुनं ९० मिलिमीटर अँगुलॉन याचं चांगलं उदाहरण आहे. भिंग छोटं, हलकं आणि स्वस्त, पण त्याचं वर्तुळ सुमारे १५४ मिलिमीटरचं. निसर्गदृश्यासाठी झोळीत टाकून न्यायला उत्तम, पवनीच्या दरवाजासमोर मात्र निरुपयोगी. त्याच कंपनीच्या ९० मिलिमीटर, एफ/८ सुपर अँगुलॉनचं वर्तुळ २१६ मिलिमीटरचं आहे. वजन आणि किंमत दोन्ही जास्त, पण वास्तूंचे फोटो काढणाऱ्याने हेच घ्यावं.

पुढची पाटी वर सरकते तशी तिरकीही करता येते, आणि त्या तिरकेपणाचाही असाच उपयोग होतो. पवनी तालुक्यातच गोसीखुर्दचं धरण आहे, त्याला ३३ दरवाजे. ती लांबच लांब रांग एका टोकाला उभं राहून टिपायची तर जवळचा दरवाजा स्पष्ट येतो, लांबचा धूसर. ऑस्ट्रियाच्या सैन्यातला कॅप्टन थिओडोर शाइम्पफ्लुग याने १९०४ च्या पेटंटात मांडलेला नियम इथे कामी येतो. फिल्मचं, भिंगाचं आणि दृश्याचं प्रतल एकाच रेषेत मिळेल असं भिंग वळवलं, तर अख्खी रांग एकदम फोकसमध्ये येते. भिंग वळवलं की वर्तुळही सरकतं, त्यामुळे इथेही ते ऐसपैसच लागतं. (धरणावर तिपाई लावण्याआधी परवानगी विचारलेली बरी.)

शार्पपणाचा शोध आपल्याकडेही जुना आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्याशी निगडित होते. त्या काळात व्यक्तिचित्रासाठी नावाजलेलं भिंग पेट्झवालचं, १८४० चं. मधोमध लख्ख, कडांना मऊ, त्यामुळे चेहऱ्याला झकास आणि इमारतीला निकामी. इमारतीच्या सरळ रेषा सरळ ठेवणारी जोडभिंगं १८६६ मध्ये डालमायर आणि स्टाइनहाइल यांनी आणली. पुढे जर्मनीत १८९० च्या दशकात गोएर्झचं डागोर आणि १९०२ मध्ये झाइसचं टेसार आलं. यांतली चांगली राखलेली भिंगं आजही काम करतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र इतक्या मागे जाऊ नये. गेल्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत श्नायडर, रोडेनस्टॉक, निकॉन आणि फुजी या चार कंपन्यांनी सहा काचांची, बहुथरी लेप दिलेली एफ/५.६ ची भिंगं बनवली. सिमार-एस, सिरोनार-एन, निक्कोर-डब्ल्यू आणि फुजिनॉन ही त्यांची नावं. दीडशे मिलिमीटरच्या या भिंगांची वर्तुळं २१० मिलिमीटरच्या आसपास भरतात. चौघांत डावं-उजवं करण्यात लोक रात्री घालवतात. प्रिंट समोर ठेवून कोणता कुणाचा हे ओळखणारा क्वचितच भेटेल.

फरक पडतो तो ॲपर्चरने. बहुतेक अशी भिंगं एफ/१६ ते एफ/२२ वर सर्वोत्तम चालतात. त्याहून लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि बारीक तपशील धूसर होतात. एफ/२२ वर भिंग एका मिलिमीटरमध्ये साधारण ७० रेषाजोड्या वेगळ्या दाखवू शकतं, एफ/६४ वर कितीही महाग भिंग २५ च्या पुढे जात नाही. मग १९३२ मध्ये ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आणि मंडळींनी आपल्या गटाला ‘एफ/६४’ हे नाव का दिलं? वेस्टन ८×१० इंची निगेटिव्ह कागदाला थेट चिकटवून छापत. काहीच वाढवायचं नसलं, की ते नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

भिंग चांगलं असूनही फोटो मऊ आला, तर दोष बहुतेक वेळा दुसरीकडे असतो. घासलेली काच आणि फिल्म एकाच अंतरावर बसायला हवीत. कुणी आधी काच बदलली असेल किंवा फ्रेनेल पट्टी उलट्या बाजूला बसवली असेल, तर फोकस दरवेळी चुकतं. याची परीक्षा सोपी आहे. वर्तमानपत्राचं पान तिरपं उभं करा, भिंग पूर्ण उघडं ठेवून मधल्या एका मथळ्यावर फोकस करा आणि एक फिल्म खर्ची घाला. निगेटिव्हवर दुसरीच ओळ स्पष्ट आली, तर भिंगाला बोल लावू नका. वाऱ्याचंही तेच. नदीकाठी बेलोज वारा धरतो, हलकी तिपाई थरथरते आणि सगळे हिशोब वाया जातात.

ही भिंगं बहुधा जुनीच मिळतात, त्यामुळे नावाइतकीच त्यांची तब्येत महत्त्वाची. मोबाईलचा दिवा मागून आत टाकून पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. विदर्भात उन्हाळा कोरडा असला, तरी पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या भिंगाला ती हमखास लागते. धुरकट थर दिसला तर घासाघीस करावी, कारण तो बरेचदा साफ होतो. चिकटवलेल्या काचा सुटून इंद्रधनुष्यी कड दिसली, तर भिंग सोडून द्यावं. श्नायडरच्या भिंगांत आतला काळा रंग सुटून पडलेले पांढरे ठिपके दिसतात. त्यांनी चित्राचं काही बिघडत नाही, उलट भाव कमी करून घ्यायला ते उपयोगी पडतात. शटर एक सेकंदावर लावून कान द्यावा, आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये टिपून ते खरंच किती वेळ उघडं राहतं ते पाहावं.

आणखी एक वाट आहे, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. छापखान्यांत ब्लॉक आणि ऑफसेटच्या निगेटिव्ह करण्यासाठी खोलीएवढे प्रोसेस कॅमेरे असत. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी याच छपाईच्या धंद्यात होते. संगणक आला आणि हे कॅमेरे भंगारात गेले, पण त्यांची अपो-रोनार, अपो-निक्कोर ही भिंगं टिकली. ती समोरच्या वस्तूचं चित्र मूळ आकाराएवढं टिपण्यासाठी घडवलेली असतात. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांवरचे ठोके जवळून टिपायचे, तर याहून चांगलं भिंग सापडणं कठीण. शटर नसतं, म्हणून झाकण काढून-लावून उघडीप मोजायची.

पहिल्यांदा घेणाऱ्याने वरच्या चार कंपन्यांपैकी ज्याचं निरोगी मिळेल ते दीडशेचं भिंग घ्यावं आणि उरलेले पैसे फिल्मवर घालावेत. आणि भंडारा, तुमसर किंवा साकोलीत कुणाच्या घरी बंद पडलेल्या स्टुडिओचा लाकडी कॅमेरा माळ्यावर पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी भिंगाच्या कडेवर कोरलेलं नाव एकदा वाचून घ्यावं.