मुरमाच्या वाटेवरची टू-स्ट्रोक मोटारसायकल : चालवणे आणि जपणे

दूध डेअरीला पोचवणे, भाजीपाला फाट्यापर्यंत नेणे, वैरणीचा भारा आणणे, ही कामे आज बैलगाडीपेक्षा दुचाकीच जास्त करते. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा टू-स्ट्रोक गाड्या बाजारातून मागे पडल्या आणि फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. तरीही राजदूत १७५, यामाहा आरएक्स १००, लुना, टीव्हीएस एक्सएल यांसारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्या अनेक वस्त्यांवर अजून रोजच्या कामात आहेत. वजनाला हलक्या, यंत्रणा साधी आणि गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येणाऱ्या, म्हणून त्या टिकून आहेत. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील पशुपालकांसाठी यामाहा एजी १०० आणि सुझुकी टीएफ १२५ अशा खास शेतीच्या टू-स्ट्रोक गाड्या बनवल्या गेल्या, त्याही याच गुणांमुळे.

आपली गाडी मात्र एकाच फेरीत पाणंद, मुरूम, खडी आणि डांबर अशा चारही वाटांवर धावते. डांबरावर चालणारी सवय खडीवर नेली की अपघात होतो. घरातला कर्ता माणूस पाय मोडून तीन महिने पडला तर त्या हंगामाची पेरणी किंवा काढणी कोण करणार, याचा विचार करून पुढील माहिती वाचावी.

इंजिन कसे चालते?

फोर-स्ट्रोक इंजिनात दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल जळून जोर मिळतो. टू-स्ट्रोक इंजिनात तो प्रत्येक फेरीत मिळतो. म्हणून लहान इंजिन असूनही चढावर गाडी चटकन ओढते. या इंजिनात वरचे व्हॉल्व्ह नसतात. पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये येते, तेथून सिलिंडरच्या खिडक्यांतून वर जाते. या खिडक्या उघडणे-मिटणे हे काम पिस्टनच करतो.

मिश्रण क्रँककेसमधून जात असल्यामुळे तेथे फोर-स्ट्रोकप्रमाणे तेल साठवून ठेवता येत नाही. पिस्टन, रिंगा व बेअरिंग यांना वंगण मिळते ते फक्त पेट्रोलबरोबर आलेल्या तेलातून. गिअरपेटीतील तेल वेगळे असते, त्याचा पिस्टनला उपयोग नाही. पुढची बहुतेक काळजी या एका गोष्टीतून निघते.

तेलाचे प्रमाण

तणनाशकाची मात्रा आपण अंदाजाने घेत नाही, तसेच टू-टी तेलही अंदाजाने ओतू नये. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले प्रमाणच पाळावे. हिशोब सोपा आहे. २ टक्के प्रमाण असल्यास १ लिटर पेट्रोलला २० मिली तेल, म्हणजे ५ लिटरला १०० मिली. ४ टक्के असल्यास १ लिटरला ४० मिली, म्हणजे ५ लिटरला २०० मिली.

तेल कमी पडले तर पिस्टन तापून फुगतो व सिलिंडरला धरतो. जास्त झाले तर प्लग काळा होतो, धूर वाढतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचते. तेल आधी स्वच्छ डब्यात थोड्या पेट्रोलबरोबर हलवून एकजीव करावे, मग टाकीत ओतावे. थेट टाकीत ओतलेले तेल थंडीच्या दिवसांत तळाशी बसते. फोर-स्ट्रोक गाडीचे किंवा ट्रॅक्टरचे तेल यासाठी वापरू नये. ते जळल्यावर राख उरते व ती पिस्टनच्या डोक्यावर आणि प्लगवर बसते. तेलासाठी वेगळे माप ठेवावे. कीटकनाशकाचे माप याला आणि याचे माप फवारणीला वापरू नये.

ज्या गाडीत तेलाची वेगळी टाकी व पंप आहे, तेथे पेट्रोल भरताना ती टाकीही पाहण्याची सवय लावावी.

उतारावर विशेष काळजी

घाटाच्या लांब उतारावर आपण रेस पूर्ण सोडतो. चाक मात्र इंजिनाला जोरात फिरवत असते. रेस बंद म्हणजे पेट्रोल कमी, आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळलेल्या गाडीत पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. अशा वेळी पिस्टन धरला तर मागचे चाक एकदम अडकते आणि गाडी आडवी जाते. हे टाळण्यासाठी पुढीलप्रमाणे करावे.

१) उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करून खालचा गिअर टाकावा.

२) दर थोड्या वेळाने क्लच दाबून क्षणभर रेस द्यावी, म्हणजे तेल आत पोचेल.

३) टू-स्ट्रोक इंजिन गाडीला फारसे रोखून धरत नाही. त्यामुळे दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावत उतरावे.

४) पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये.

५) डाव्या हाताची दोन बोटे क्लचवर असावीत. इंजिनाचा आवाज एकदम दबला किंवा गाडी आतून ओढल्यासारखी वाटली, की क्षणात क्लच दाबावा. चाक मोकळे होते व गाडी हातात राहते.

इंजिन धरल्यास गाडी कडेला घेऊन आपोआप थंड होऊ द्यावी. तापलेल्या सिलिंडरवर पाणी ओतू नये, त्याला तडा जाऊ शकतो.

धूळ ही इंजिनाची कीड

मुरमाची धूळ म्हणजे बारीक दळलेला दगडच आहे. ती एअर फिल्टरमधून आत गेली तर आधी क्रँककेसमध्ये शिरते व बेअरिंग, रिंगा, सिलिंडर सगळेच घासते. धुळीच्या वाटेवर रोज जाणाऱ्यांनी फिल्टर दर आठवड्याला उघडून पाहावा. स्पंजाचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवून, सावलीत पूर्ण वाळवून, थोडे तेल लावून पिळून बसवावा. कागदी फिल्टर धुऊ नये, हलकेच झटकावा व खराब झाल्यास बदलावा. फिल्टर काढून टाकून गाडी चालवणे म्हणजे बांध फोडून पाणी देण्यासारखे आहे.

प्लगचा रंग पाहण्याची सवय ठेवावी. तांबूस-तपकिरी असल्यास ठीक. काळा व ओला असल्यास तेल किंवा पेट्रोल जास्त होत आहे. पांढरट असल्यास इंजिन जास्त तापत आहे. कार्बोरेटरच्या जोडातून हवा ओढली जाते का हे मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. गाडी ओढेनाशी झाली की एकदम बोअर करण्याच्या खर्चात न पडता आधी सायलेन्सर व सिलिंडरची बाहेरची खिडकी काजळीने भरली आहे का ते पाहावे. अनेकदा दोष तेवढाच असतो.

वाटेची माती ओळखा

शेतातील माती ओळखता, तशी वाटेची मातीही ओळखावी. मुरमाच्या घट्ट रस्त्यावर सुटे गोल खडे पसरलेले असतात. ते चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. काळ्या जमिनीतील पाणंद उन्हाळ्यात कठीण व भेगाळ, पण पहिल्या पावसात सर्वांत घातक. या मातीतील चिकण कण पाणी शोषून फुगतात, टायरच्या नक्षीत माती भरते व टायर गुळगुळीत होतो. मडगार्डमध्ये माती दाटली तर चाकही अडते. कोकणात जांभ्याच्या रस्त्यावर बारीक लाल खडा सुटतो, त्यावर वळताना विशेष जपावे. डांबरी रस्त्याची साईडपट्टी खचलेली असल्यास तिच्यावर तिरके चढू नये. वेग कमी करून शक्य तेवढे सरळ चढावे.

खडीवर हँडल घट्ट आवळून धरू नये. पुढचे चाक थोडे हलणारच, त्याला हलू द्यावे. नजर चाकाजवळ न ठेवता पुढच्या वाटेवर ठेवावी. मागे कोणी बसलेले नसल्यास खडबडीत ठिकाणी पायदानावर किंचित उभे राहावे, म्हणजे धक्के गुडघे घेतात व गाडी स्थिर चालते. रेस एकसारखी ठेवावी. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक लावू नये.

ब्रेक आणि अंतर

कोरड्या डांबरावर टायरची जी पकड असते, तिच्या साधारण निम्मीच पकड सुट्या खडीवर मिळते. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर संपते. त्यानंतर चांगला ब्रेक लागला तर कोरड्या डांबरावर सुमारे ९ मीटर, तर खडीवर सुमारे १८ मीटर लागतात. वेग ताशी २० ठेवला तर खडीवरचे हे १८ मीटर साडेचारवर येतात. वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचे अंतर चौथ्या हिश्श्यावर येते, हे लक्षात ठेवावे.

खडीवर पुढचा ब्रेक एकदम आवळला तर पुढचे चाक घसरून गाडी अंगावर येते. म्हणून मागचा ब्रेक आधी व पुढचा हलक्या हाताने लावावा. ओढा ओलांडल्यावर ड्रम ब्रेक भिजलेले असतात व लागत नाहीत. थोडे अंतर ब्रेक हलके दाबत हळू चालवावे, म्हणजे ते वाळतात.

ओझे बांधताना

१ लिटर दूध साधारण १ किलो ३० ग्रॅम भरते. ४० लिटरच्या भरलेल्या कॅनमध्ये ४१ किलोहून जास्त दूध असते, कॅनचे वजन वेगळे. असे ओझे दोन्ही बाजूंना सारखे, शक्य तितके खाली व चाकाच्या दांड्याजवळ असावे. सगळे ओझे मागे टांगले तर पुढचे चाक हलके होऊन हँडल ऐकत नाही. अर्धवट भरलेल्या कॅनमधील दूध वळणावर हिंदकळते, म्हणून एक कॅन पूर्ण भरून दुसरा रिकामा ठेवण्यापेक्षा दोन्ही बाजूंना लहान कॅन बांधावेत. वैरणीचा भारा मागचा दिवा झाकणार नाही असा बांधावा. मागे बसणाऱ्या भगिनींनी पदर व ओढणी खोचून घ्यावी. कीटकनाशकाचे डबे दूध, वैरण किंवा धान्यासोबत नेऊ नयेत.

आजच्या पेट्रोलबाबत

देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. उसापासून व धान्यापासून इथेनॉल होते, त्यामुळे शेतकऱ्याला ते जवळचेच. मात्र जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व वॉशर त्याने लवकर खराब होऊ शकतात, ते तपासून बदलावेत. इथेनॉल पाणी शोषते. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असल्यास टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत.

खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. नोंदणी व विम्याच्या तारखा पाहून ठेवाव्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ नुसार हेल्मेट बंधनकारक आहे. डेअरी दोनच किलोमीटरवर आहे म्हणून ते खुंटीला ठेवू नये.

थोडक्यात, तेल मापून घाला, फिल्टर स्वच्छ ठेवा, उतारावर क्लचवर बोटे ठेवा, खडीवर वेग निम्मा करा आणि ओझे खाली व समान बांधा. यांपैकी बहुतेक गोष्टींना खर्च नाही. पुढच्या पावसाआधी एक दिवस गाडीसाठी काढावा, म्हणजे ऐन पेरणीत ती आणि आपण दोघेही कामावर हजर राहाल.