पानिपतावर पाडाव झालेल्यांची गत

शके १६८२ पौष शुद्ध ८, म्हणजे ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला, येथेंच बहुतेक वर्णनें थांबतात. रणांत पडलेल्यांची कथा तेथें संपली. परंतु जे जिवंत शत्रूच्या हातीं लागले, ज्यांस जुने कागद ‘पाडाव’ म्हणतात, त्यांचें पुढें काय झालें हें आम्ही येथें थोडक्यांत पाहणार आहों.

या प्रकरणीं मुख्य साक्षी काशीराज पंडिताची. हा दक्षिणी ब्राह्मण सुजाउद्दौल्याच्या पदरीं असून त्याच्या छावणींत हजर होता. त्याची फारशी हकीकत बऱ्याच वर्षांनीं लिहिलेली असल्यामुळें तींतील आंकडे जपूनच घ्यावे. व्यक्तींविषयींचा मजकूर मात्र मोलाचा आहे.

त्यावरून असें दिसतें कीं, पाडावाचें जिणें-मरणें तो कोणाच्या हातीं लागला यावर अवलंबून असे. सामान्य पुरुषांची दुसरे दिवशीं कत्तल झाली. बायकामुलें गुलाम झालीं. उलट, सुजाच्या छावणीच्या आश्रयास आलेले कित्येक वांचले. जनकोजी शिंदे बर्खुरदारखानाजवळ होते. दंड घेऊन सोडण्याची बोलणीं चालू असतां नजीबखानास तें कळलें, आणि गोष्ट अंगावर येऊं नये म्हणून त्यांस गुप्तपणें मारण्यांत आलें. इब्राहीमखान गारद्यास सुजा लपवूं पाहत होता. पण अबदालीनें त्यास मागून घेतलें व तो कैदेंतच मेला. जखमांस विष लावल्याची वदंता काशीराज नोंदवितो.

गुप्त मृत्यूस प्रेत नाहीं, साक्षी नाहीं. म्हणून शंकेस जागा राहिली. भाऊसाहेबांचें प्रेत ओळखल्याचें काशीराज लिहितो, तरी पार्वतीबाईंनीं अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारलें नाहीं. भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याचें बंड १७७६ पर्यंत पुरलें. जनकोजींचाही तोतया निघाला. लोक भोळे होते म्हणून हें घडलें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. परत न आलेला मनुष्य मेला कीं पाडाव आहे, हें ठरविण्यास साधनच नव्हतें.

बलुचिस्तानांतील मराठ्यांस पानिपताच्या कैद्यांचे वंशज म्हणण्याची आख्यायिका आहे. आख्यायिका शोधाची दिशा दाखविते. पुराव्याची जागा घेत नाहीं.

खरा पुरावा लहान कागदांत असावा. श्राद्धतिथीची याद, वारसाचा तंटा, दत्तकपत्र, यांत ‘पानिपताकडे गेले, ठिकाण नाहीं’ अशा आशयाचा मजकूर दिसल्यास संग्राहकांनीं तो किरकोळ म्हणून टाकूं नये. सरदारांचीं नांवें बखरींनीं राखलीं. शिपायाचें नांव राखलें असेल, तर त्याच्या घरच्या दप्तरानेंच.