गाठी मारलेलं पाणी

संत्र्याचा हंगाम आला की विदर्भातल्या सावनेरमध्ये घरोघरी सालींचा ढीग पडतो. फोडी पोटात, साल उकिरड्यावर! पण जरा थांबा. साल उलटी करा. आतला तो पांढरा, मऊ थर दिसतोय ना? त्यात पेक्टिन नावाचा पदार्थ ठासून भरलेला असतो. वाळलेल्या सालीचा साधारण पाचवा हिस्सा पेक्टिनच, कधी त्याहूनही जास्त. हे नाव त्याला १८२५ मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलं. जॅम घट्ट होतो तो याच्याच जोरावर.

पेक्टिन हाताला लागायला हवंय? रात्री संत्र्याच्या बिया न धुता वाटीत टाका आणि बुडतील एवढंच पाणी घाला. सकाळी त्यात बोट बुडवून वर उचला. पाणी बुळबुळीत झालेलं असतं, बोटाला चिकटून वर येतं. बियांवरचं पेक्टिन पाण्यात उतरलं, म्हणून.

पेक्टिन म्हणजे साखरेच्या जातीच्या शेकडो रेणूंची लांबच लांब साखळी. अशा साखळ्यांना पॉलिसॅकराइड म्हणतात. वाटीतल्या साखळ्या मोकळ्या आहेत. आणखी पाणी ओतलंत, तर त्या पांगतील आणि बुळबुळ संपेल. पण या साखळ्या एकमेकींना जागोजागी गाठींनी बांधल्या तर? मग जाळी तयार होते, पाणी तिच्यात अडकतं आणि जाळी काही विरघळत नाही. यालाच म्हणतात हायड्रोजेल.

गाठ मारायची कशाने? आजीला विचारा! कोहळ्याचा पेठा करताना फोडी आधी चुन्याच्या निवळीत का भिजत घालतात? कोहळ्यातही पेक्टिन असतं. चुना त्याच्या साखळीवरचे काही अणुगट काढून टाकतो आणि तिथे जागा मोकळी होते. त्या जागेवर चुन्यातलं कॅल्शियम येऊन बसतं. कॅल्शियमवर धन विद्युतभार दोन असतात, म्हणून एक कण दोन साखळ्यांना धरून ठेवतो. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी या रचनेला अंड्यांच्या ट्रेचं नाव दिलं: साखळ्यांच्या घड्या म्हणजे ट्रे आणि खळग्यांत बसलेलं कॅल्शियम म्हणजे अंडी. एक फोड निवळीत, एक साध्या पाण्यात रात्रभर ठेवा, धुऊन दोन्ही शिजवा. साध्या पाण्यातली लवकर लगदा होते, निवळीतली टणक राहते. (चुन्याचं काम मात्र मोठ्यांनाच करू द्या. डोळ्यात गेला तर फार वाईट!)

आता सावनेरच्या शेतातलं दुसरं पीक बघू: कापूस. तोही साखरेच्या साखळ्यांचाच, म्हणजे सेल्युलोजचा. पण तो फुगून जेल का होत नाही? कारण तिथल्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की पाणी आत शिरायला वावच नाही. म्हणजे गाठी नसतील तर पांगापांग, फारच असतील तर फुगणं बंद. सगळी करामत गाठी किती ठेवायच्या यात आहे. मला तरी ही गोष्ट जाम आवडते.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हेच जमवलं. सेल्युलोजमध्ये बदल करून, त्याला प्रयोगशाळेत बनवलेल्या साखळ्या जोडून, मोजक्या गाठी मारून त्यांनी ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केलं. शुद्ध पाण्यात ते आपल्या वजनाच्या किमान ३५० पट पाणी पितं. एक ग्रॅम पावडर आणि मोठा पेलाभर पाणी, बोला! मुळांजवळ टाकलं की पावसात पाणी धरतं आणि माती सुकू लागली की मुळांना देत राहतं. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या १६ वर्षांच्या किआरा निरगिननेही असंच काही केलं. तिथे दुष्काळ होता. तिने संत्र्याच्या आणि अव्होकाडोच्या साली वापरून पाणी धरणारा पदार्थ बनवला आणि गुगलच्या विज्ञान स्पर्धेत पहिलं बक्षीस पटकावलं.

पण ३५० पट हा आकडा शुद्ध पाण्याचा, हं! शेतातल्या पाण्यात क्षार असतात आणि विदर्भातल्या काळ्या मातीत चुनखडीही. तिथे जेल बरंच कमी फुगतं. जेलच्या साखळ्यांवर सारखेच विद्युतभार असतात, ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून जाळी ताणली जाते आणि पाणी आत घुसतं. क्षार मध्ये आले की ही ढकलाढकली मंदावते. कॅल्शियम तर वर जादा गाठीही मारून ठेवतं.

हे घरी बघता येतं. बाळाच्या डायपरमधली पावडर काढून पाण्यात फुगवा. ती वनस्पतींपासून नाही, खनिज तेलापासून बनते, पण पाणी धरायची रीत तीच. आता वरून चमचाभर मीठ टाकून ढवळा. घट्ट जेलमधून भराभर पाणी सुटतं. डायपर मात्र कोरा घ्या, बरं का!